अपडेट फसलं आणि लॅपटॉप सुरूच होईना?

आधी खरंच अडकलाय का ते बघा. टक्केवारी हलत नसली तरी हार्ड डिस्क असलेल्या जुन्या मशीनवर तास-दोन तास सहज जातात. चार्जर लावून ठेवा, पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून टाका आणि थांबा. निम्मे लॅपटॉप घाईनेच बिघडतात, असं माझं मत!

तरीही काही हललं नाही, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये ही युक्ती करा. पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. पुन्हा चालू करा आणि लोगो दिसताच तसाच बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. आधी ‘क्वालिटी अपडेट’ काढा; मोठं, म्हणजे आवृत्ती बदलणारं अपडेट असेल तर ‘फीचर अपडेट’. हे दुसरं साधारण १० दिवसांच्या आतच काढता येतं. जमलं नाही तर ‘स्टार्टअप रिपेअर’.

मध्येच ४८ आकडी ‘बिटलॉकर की’, म्हणजे डिस्कवरचं कुलूप उघडणारा कोड, मागितली तर घाबरू नका. लॅपटॉपवर वापरता त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात मोबाइलवरून लॉगिन केलं की बहुतेक वेळा ती तिथे सापडते. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र आयटीवाल्यांनाच गाठा.

‘रीसेट धिस पीसी’, म्हणजे विंडोज नव्याने टाकणं, अगदी शेवटी. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम उडतात, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही पुन्हा टाकावं लागतं.