साथीच्या ड्युटीत सिस्टरनी स्वतःला सांभाळायचं कसं

साथ आली की कोल्हापुरातलं सीपीआर हॉस्पिटल असो नाहीतर गगनबावड्याकडचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), सिस्टर लोकांवर लय ताण येतो. पीपीई किट काढताना अजिबात घाई नको, जोडीदारीण समोर उभी करा, तिनं बघत राहायचं आणि प्रत्येक स्टेपनंतर हात सॅनिटाइज करायचे, घरच्यांना माझ्यामुळं लागण होईल ही भीती यानंच बरीच कमी होते. दिवसा झोप लागावी म्हणून नाईट ड्युटी संपत आली की चहा बंद, घरी खिडकीला जाड चादर, फोन बाहेरच्या खोलीत. पेशंट गेला तर हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, दोन वाक्यं तरी बोला गं, मनात दाबून घरी नेऊ नका. दोन आठवडे झोप नाही, सारखं रडू येतंय असं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, २४ तास चालू. आणि घरच्यांनो, ती आली की गरम भाकरी वाढा, आज किती गेले ते विचारू नका.