पेडल स्टीलवर वाद घालायचाय? आधी ट्यूनर बंद करा, तानपुरा लावा

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या घरी, प्रताप नगरला, हा वाद असा पेटला की काका तर्री पोह्यांची प्लेट अर्धी टाकून उठून गेले. नागपूरचा माणूस तर्री पोहे टाकून उठतो म्हणजे प्रकरण कुठपर्यंत गेलं असेल समजून घ्या. चूक माझीच होती. मी काकांना आणि भाच्याला समोरासमोर बसवलं आणि विचारलं, मग काय, पेडल स्टील जुन्या पद्धतीनं वाजवायचं की नवीन काही करायचं? (पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवलेली गिटार, हातानं तारांवर लोखंडी बार सरकवायचा आणि पायानं पेडल दाबून सूर बदलायचा.) असा मोघम प्रश्न टाकला की कोणी वाजवण्यावर बोलतच नाही राजेहो, सगळे एकमेकांच्या वयावर बोलतात. त्यानंतर आमच्या बऱ्याच बैठका झाल्या, वाद अजूनही होतो पण पोहे संपतात, तर ते कसं जमवलं ते सांगतो. तुमच्याकडं पेडल स्टील नसून साधी, बिनपेडलची हवाईयन गिटार असली तरी चालेल, भांडण तेच आहे.

माणसं कोण ते आधी सांगतो. काका म्हणजे धंतोलीत एका बंगाली मास्तरांकडं हवाईयन गिटार शिकलेले, मग किती वर्षं लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवत होते, घरी सुनील गांगुली आणि व्हॅन शिपली यांच्या रेकॉर्ड्स अजून जपून ठेवल्यात. भाचा इंजिनिअरिंगचा पोट्टा, त्याच्याकडं लूपर, डिस्टॉर्शन, रिव्हर्ब अशी आवाज बदलायची सगळी यंत्रं आहेत आणि एक सेकंडहँड दहा तारांचं पेडल स्टील आहे, जे उचलून दुसऱ्या मजल्यावर नेताना माझी कंबर गेली.

पहिलं काम, सालं ठरवून घ्या. "परंपरा" म्हणजे कोणत्या सालची ते दोघांनी आधी सांगायचं, तोंडानं, मोठ्यानं. हे फालतू वाटतं पण निम्मं भांडण इथंच मिटतं. हवाई बेटांवर जोसेफ केकुकूनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिटार आडवी ठेवून तारांवर लोखंड सरकवलं, तेव्हा तिथं गिटार हीच बाहेरून आलेली वस्तू होती. मग १९३२ मध्ये रिकनबॅकर कंपनीनं इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, ती पण मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. पेडलं १९४० च्या आसपास आली पण लोक ती गाण्याच्या मधे ट्यूनिंग बदलायला वापरायचे. १९५४ मध्ये वेब पियर्स या अमेरिकन कंट्री गायकाच्या एका गाण्यात बड आयझॅक्स या वादकानं तार वाजत असतानाच पेडल दाबलं, सूर वर चढताना लोकांना ऐकू आला, आणि मग ज्याला जसं जमेल तसं तो पेडल बसवायला लागला. १९६२ मध्ये बडी एमन्स या वादकानं वर दोन तारा अजून टाकल्या आणि तारा लावायच्या ज्या रीतीला आज सगळे ई-नाइन ट्यूनिंग म्हणतात ते साधारण तसं दिसायला लागलं.

आता आमच्याकडं काय झालं, भाच्याची परंपरा निघाली अमेरिकेतल्या नॅशव्हिलची, म्हणजे कंट्री संगीताच्या गावची, १९६२ नंतरची, तो तिच्याविरुद्ध बंड करून राहिला होता. काकांची परंपरा निघाली बिनपेडलची, हवाईहून कलकत्त्याला आली ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो नावाचे हवाईचे वादक कलकत्त्यात मुक्कामाला होते, बंगालमध्ये घराघरात ही गिटार गेली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे काकांच्या लेखी पेडल हाच आगाऊपणा, आणि पोट्ट्याच्या लेखी पेडल हीच जुनी गोष्ट. दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवर उभे राहून एकमेकांना साइड मागत होते.

दुसरं, पहिला अर्धा तास मोठ्या माणसांची नावं घ्यायला बंदी. हा नियम मी केला कारण नावं दोन्ही पार्ट्यांना पुरतात. काका म्हणाले, घराणं नावाची काही गोष्ट असते. भाचा म्हणाला, सिव्हिल लाइन्सला ज्यांच्या नावाच्या हॉलमध्ये तुम्ही कार्यक्रम ऐकता त्या वसंतराव देशपांड्यांनी एकाच घराण्याचं गायलं का? काका म्हणाले, अरे पण त्यांनी आधी इथंच नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडं बसून शिकून घेतलं ना, मग फिरले. दोघं बरोबर, आणि वाद जिथल्या तिथं. ब्रिजभूषण काब्रांचं पण तसंच, अली अकबर खाँसाहेबांकडं शिकून त्यांनी गिटारवर राग वाजवले, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबत ती गिटार आहे. ही परंपरा का नवं? सांगा तुम्हीच. नाही सांगता येत, म्हणूनच म्हणतो नावं नको, वाद्य काढा.

आणि आता मुख्य. एकच तुकडा घ्या, चार-पाच सुरांचा, आणि सगळा वाद त्या तुकड्यावर घाला. आम्ही ग प ध, ध प ग घेतला. काकांनी लगेच टोकलं, सकाळी साडेनऊला भूप, संध्याकाळचा राग, वाजवून राहिला का रे? मग तेच म्हणाले की देसकार म्हण, सूर तेच आहेत, फक्त धैवतावर थांब. हे आयतंच चांगलं झालं कारण पेडल स्टीलवर सगळी गंमत त्या धैवतातच आहे.

ज्यांनी हे वाद्य पाहिलं नाही त्यांच्यासाठी सरगममध्ये सांगतो. चौथी, पाचवी, सहावी तार घ्या, उघड्या. ई ला सा मानला तर चौथी सा, पाचवी खालचा प, सहावी खालचा ग. पहिलं पेडल, ज्याला ए पेडल म्हणतात, ते दाबलं की प चा ध होतो. दुसरं, बी पेडल, ग चा म करतं. दोन्ही एकदम दाबा, सा जागेवरच आहे आणि खाली ग-प चं म-ध झालेलं आहे, म्हणजे गिटारवाल्याच्या भाषेत ई कॉर्डचा ए कॉर्ड झाला, आणि बार इंचभर पण हलला नाही.

आता काकांना त्यांच्या पद्धतीनं वाजवायला सांगितलं. त्यांनी बार दोन पट्ट्या पुढं सरकवला, प चा ध इतका सुरेख आला की कूलर पण गप्प झाल्यासारखा वाटला. पण तार तिन्ही वाजत होत्या, त्यामुळे प चा ध झाला तसा सा चा रे पण झाला. बार सगळ्यांना घेऊन जातो. काका हवाईयनवर हे आयुष्यभर सांभाळत आले, नको ती तार दाबून, छेडायची एकच. मग भाच्यानं फक्त पाय दाबला, सा तसाच घुमत राहिला आणि आतून प हळूच ध झाला. काका पुढं वाकून पायाकडं बघायला लागले.

इथं मी मधे पडलो (वाद चालवणाऱ्यानं एवढं तरी करावं) आणि विचारलं, काका, सितारीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, कशी घेतात? तार ओढून. म्हणजे ताण वाढवून. मग पेडल काय करतं? खालचा दांडा चेंजरला, म्हणजे तारेच्या टोकाच्या हलत्या भागाला, ओढतो, चेंजर तारेला ओढतो, ताण वाढतो, सूर चढतो. बार सरकवणं हे सरोदच्या जवळचं आणि पेडल हे सितारच्या जवळचं. तुम्ही ज्याला परदेशी मशीन म्हणून राहिले ते काम सितारिया बोटानं करतो. काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं जिंकलो.

कायचं जिंकलो. काका म्हणाले, सितारीचं बोट कुठं थांबायचं ते कान ठरवतो, हे पेडल कुठं थांबतं? भाच्यानं खरं सांगितलं, टोकाला एक नट असतो, तो फिरवून आधी ठरवून ठेवायचं. "म्हणजे तुझा धैवत पान्यानं ठरतो." यावर पोट्ट्याकडं उत्तर नव्हतं. आणि खरं सांगू का, हा जुन्या पार्टीचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, तुम्ही नव्याच्या बाजूनं असाल तर याची तयारी करूनच बसा. पेटीवर हाच आरोप होता, ठरलेले सूर आणि मींड नाही, आणि आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली ती सत्तरच्या दशकापर्यंत चालली. उत्तर एवढंच आहे की पेटीची पट्टी अर्धी दाबून मधला सूर येत नाही, पेडल अर्धं दाबता येतं. पण अर्ध्या पेडलवर सूर धरून ठेवायला घोट्यात जो कंट्रोल लागतो तो दोन-तीन महिन्यांत येत नाही, भाच्याला अजून आलेला नाही आणि हे त्यालाही माहीत आहे.

मग काका म्हणाले, आणि तुझा गंधार चढा आहे. भाच्यानं मोबाइल दाखवला, ट्यूनरवर काटा बरोब्बर मधे, हिरवा. "हिरवा असेल, पण चढा आहे." इथं ट्यूनर बंद करायचा आणि तानपुऱ्याचं ॲप लावायचं, हीच या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. ट्यूनर जो गंधार दाखवतो तो सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) असतो, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केले तर येतो तो. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो शुद्ध गंधार साधारण ३८६ सेंटवर, म्हणजे १४ सेंट खाली. कानाला हा फरक स्पष्ट कळतो, त्यातून स्टीलसारखं लांब घुमणारं वाद्य असेल तर जास्तच. भाच्यानं सहावी तार ऐकत ऐकत उतरवली आणि एका जागी आल्यावर तिन्ही तारा अशा जुळल्या की तोच म्हणाला, बापरे.

मजा अशी की नॅशव्हिलचे कितीतरी जुने स्टीलवाले गंधाराच्या तारा मुद्दाम थोड्या उतरूनच लावतात. म्हणजे धंतोलीतला काका आणि टेनेसीतला म्हातारा एकमेकांना न भेटता एकाच पार्टीत निघाले आणि पोट्टा एकटा त्याच्या ॲपसोबत दुसऱ्या पार्टीत. पण कीबोर्डवाला सोबत असेल तर उतरवलेला गंधार बोंबलतो, तेव्हा कोणासोबत वाजवायचं ते बघूनच लावा.

नव्याच्या बाजूनं बोलताना एक काळजी घ्या, "नवं" चे तुकडे करा. आवाज नवा, जोडणी नवी आणि संगीत नवं या तीन गोष्टी आहेत. डिस्टॉर्शन लावलं म्हणजे वाजवणं नवं झालं असं नाहीये, स्नीकी पीट क्लाइनो या पेडल स्टीलवाल्यानं फझ, म्हणजे असाच खरखरीत आवाज, लावून वाजवलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. आणि अमेरिकन पेडल स्टीलवाला रॉबर्ट रँडॉल्फ, ज्याचे व्हिडिओ दाखवून भाचा काकांना "बघा नवीन" म्हणत होता, तो ज्या चर्चमधून आला तिथं १९३० च्या दशकापासून स्टील गिटार वाजते, जोरात वाजते, लोक नाचतात. तो त्याच्या घरची परंपराच वाजवतोय. हे मी सांगितल्यावर भाचा माझ्यावर चिडला, मामा तुम्ही कोणाकडून आहात. मी पोह्यांकडून आहे.

शेवटचा नियम हा की बोलण्याआधी समोरच्याचं वाजवून दाखवायचं. भाच्यानं पेडलला पाय न लावता नुसत्या बारवर तो देसकारचा तुकडा वाजवायचा, काकांनी पेडलवर. भाचा दोन मिनिटांत घामाघूम, कारण बार सरळ ठेवून बरोबर पट्टीच्या वर थांबवणं हे पेडलच्या सवयीत तो विसरलाच होता. काकांची वेगळीच फजिती, पाय दाबायला गेले की हात पण सरकायचा, ध चा पार नि कोमल होऊन जायचा, पाऊण तास चाललं. त्यात वाद कोणी घालत नव्हतं हे मला नंतर लक्षात आलं.

छोट्या गोष्टी, उन्हाळ्यात बैठक करत असाल तर कूलरचं तोंड तारांकडं ठेवू नका, गार हवेनं तारा आखडतात, सूर चढतो, आणि मग मधेच लाइट गेली की सगळं उतरतं आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांच्या कानाला दोष देतात. व्हॉल्यूम पेडल (आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पेडल) पहिल्या फेरीत बाजूला ठेवा, त्यानं छेडण्यातल्या चुका झाकल्या जातात. ए-बी-सी पेडलं डावीकडून लावायची की उलटी, एमन्सची रीत की दुसरा वादक जिमी डे याची, हा विषय पाहुण्यांसमोर काढूच नका, त्यात कोणाचंच भलं नाही. पोहे वादाच्या आधी द्या, मधे नाही.

तर आता आमची गाडी कुठं अडली आहे सांगतो. मागच्या रविवारी काकांनी स्वतःहून विचारलं, ते गुडघ्याजवळ लटकलेलं काय आहे? भाच्यानं गुडघ्यानं लिव्हर दाबून दाखवला, चौथी तार अर्धा सूर खाली आली.

"म्हणजे सा चा नि केला तू?"

"हाव आजोबा. आणि दुसऱ्या लिव्हरनं वर पण जातो."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाबू, सा अचल असतो."

"तानपुऱ्यातला अचल आहे ना आजोबा, तो कुठं हलवला."

"मग तारेतला काऊन हलवून राहिला बे?"

पुढच्या रविवारी हाच विषय आहे, पोहे जास्त करायला सांगितलेत.