लाईट जाऊन आली की कॅमेरा दिसंना? घरातल्या स्मार्ट वस्तूंचे आयपी असे पक्के करा

लातूरकरांना पाण्याची किंमत सांगायची गरज नाही, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं इथं. तेव्हापासून आमच्या आप्पांचा टाकीवर कायम डोळा असतो, म्हणून गच्चीवर टाकीकडं तोंड करून वायफाय कॅमेरा लावला आणि खाली टीव्हीजवळच्या रेकॉर्डरला जोडून दिला. चार दिवस चांगलं चाललं, मग लाईट जाऊन आली की आप्पांचा फोन, "अरे ते परत काळं झालंय बघ."

कॅमेरा चांगलाच होता, बदलला होता त्याचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला पत्त्याचा नंबर. राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर देतो पण ठरावीक मुदतीपुरताच, आणि बऱ्याच घरगुती राउटरमधली ही यादी लाईट गेली की पुसून जाते. मग लाईट आल्यावर कोणाला कोणता नंबर मिळेल सांगता येत नाही. रेकॉर्डर बिचारा जुन्याच नंबरवर कॅमेरा शोधत बसतो.

आधी राउटरचा पत्ता काढा. मोबाईलमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या नेटवर्कवर टॅप केलं की गेटवे किंवा राउटर म्हणून एक नंबर दिसतो, बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१. तोच ब्राउझरमध्ये टाका (आकडे इंग्रजीच टाईप करा, मराठी आकडे चालतीलच असं नाही). लॉगिन बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं, आणि तो पासवर्ड आजवर बदलला नसेल तर आधी तो बदला.

आत डीएचसीपी क्लायंट लिस्ट किंवा कनेक्टेड डिव्हायसेस असं काहीतरी दिसेल (डीएचसीपी म्हणजे राउटरनं आपोआप नंबर वाटायची सोय). खरी डोकेदुखी इथं आहे, कारण निम्म्या वस्तूंना धड नावच नसतं आणि बल्ब, प्लग तर बऱ्याचदा आतल्या चिपवाल्या कंपनीच्या नावानं म्हणजे एस्प्रेसिफ वगैरे दिसतात. अशावेळी वस्तूवरचा मॅक अ‍ॅड्रेस बघा, म्हणजे वस्तूचा स्वतःचा ओळख नंबर, १२ आकडे-अक्षरांचा असतो, तो यादीत जुळवा. स्टिकर नसेल तर फिंगसारख्या अ‍ॅपनं स्कॅन करा, मग त्या वस्तूचा प्लग काढा आणि परत स्कॅन करा, जी गायब झाली ती तुमची. हे राउटरच्या यादीवर करू नका, तिथं बंद वस्तूचं नाव मुदत संपेपर्यंत तसंच राहू शकतं.

आता नंबर पक्का करायचा, आणि माझी चूक इथंच झाली होती. मी कॅमेऱ्याच्या आत जाऊन शेवटचा आकडा १०५ असलेला नंबर स्वतःच टाकून दिला, राउटरला त्याचा पत्ताच नाही, त्यानं तोच नंबर वहिनीच्या मोबाईलला दिला आणि दोन्ही अडकायला लागले. म्हणून कॅमेऱ्यात हात न घालता, तिथं डीएचसीपी चालूच ठेवून, राउटरमध्येच अ‍ॅड्रेस रिझर्वेशन करा. काही राउटरमध्ये त्याला स्टॅटिक डीएचसीपी किंवा आयपी-मॅक बाइंडिंग म्हणतात. मॅक टाका, नंबर द्या, सेव्ह करा, मग राउटर तो नंबर दुसऱ्या कोणाला देत नाही. शेवटी कॅमेरा बंद-चालू करा आणि रेकॉर्डरमध्ये नवा नंबर भरा.

सगळ्याच वस्तूंना हे करत बसू नका. अ‍ॅपवरून चालणारे बल्ब आणि प्लग नंबर बदलला तरी चालतात. कॅमेरा, रेकॉर्डर, प्रिंटर, म्हणजे ज्याला दुसरं कोणी नंबरानं शोधतं, त्यालाच करा. मोबाईलला करायचं असेल तर त्या वायफायपुरता रँडम मॅक (फोन खऱ्याऐवजी दाखवतो तो बनावट मॅक) बंद केलेला बरा, तो बदलला तर रिझर्वेशन लागू होत नाही.

इतकं करूनही वस्तू दिसंना तर घरात दोन राउटर आहेत का बघा. फायबरवाल्यानं लावलेला डबा वेगळा आणि त्याला जोडून आपण आणलेला राउटर वेगळा असं लई घरांत असतं, मग कॅमेरा एकाच्या वायफायवर आणि मोबाईल दुसऱ्याच्या, दोघांची बऱ्याचदा गाठच पडत नाही. आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका (मग तो स्वतः नंबर न वाटता फक्त वायफाय पुरवतो) म्हणजे सगळे एकाच नेटवर्कमध्ये येतात, मात्र रिझर्वेशन मग फायबरवाल्या डब्यात करावं लागेल.

बाहेरगावाहून बघायला कोणी पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून इंटरनेटला थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट करून देणं) करा म्हणालं तर माझं ऐका, करू नका, कॅमेरा सगळ्या जगासमोर उघडा पडतो. कंपनीचं अ‍ॅप किंवा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) वापरा.

आणि कोणत्या वस्तूला कोणता नंबर दिला ते कागदावर लिहून ठेवा. आमचा कागद फ्रिजच्या बाजूला चिकटवलाय, आता आप्पा स्वतःच नंबर वाचून रेकॉर्डरमध्ये बघतात.