चामडं रंगवताना: रंगाचे पातळ हात आणि ब्रशची निगा

चामडं रंगवायचं म्हटलं की सगळे आधी रंगाच्या बाटल्या मांडतात. मी आधी कापूस आणि अ‍ॅसिटोन काढते. पर्स असो, बूट असो, कारखान्यातून येतानाच त्यावर एक चकचकीत थर असतो. तो तसाच राहिला तर रंग धरत नाही, वापरात पोपडे निघतात. कापसाच्या बोळ्यावर थोडं अ‍ॅसिटोन घ्या आणि हलक्या हातानं पुसा. बोळ्याला रंग लागायला लागला, चमक उतरून चामडं मंद दिसलं की थांबा. जास्त घासलंत तर ते कोरडं पडतं. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास ज्योत नको. रेक्झिनला अ‍ॅसिटोन लावू नका, वरचा थरच विरघळतो. आणि स्वेडच्या, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्याच्या, वाटेला सुरुवातीला जाऊच नये. गुळगुळीत चामडंच घ्या.

रंग चामड्यासाठीचा अ‍ॅक्रिलिकच आणा. साधा अ‍ॅक्रिलिक सुकला की ताठ होतो आणि चामडं तर वाकणारच. बुटाच्या बोटांपाशी जी घडी पडते, तिथं तो सगळ्यात आधी तडकतो. डाय ही वेगळी गोष्ट: तो आत मुरतो, रंग वर बसतो. म्हणून काळ्या चामड्यावर पिवळा हवा असेल तर डाय कामाचा नाही. आधी पांढऱ्याचा हात द्या, मग पिवळा.

रंग दुधाइतका पातळ असू द्या. पहिला हात दिल्यावर चामडं अर्धवट दिसतं, पट्टे पडल्यासारखं. इथंच नवशिक्यांचा धीर सुटतो आणि ते जाड थर थापतात. तसं करू नका. पहिला हात नीट सुकू द्या, मग दुसरा, लागला तर तिसरा आणि चौथाही. शेवटी फिनिशर, म्हणजे रंग जपणारा वरचा पारदर्शक थर. त्याची बाटली खळाखळा हलवू नका, बुडबुडे उठतात, हळूच ढवळा.

आता ब्रश. नायलॉनचे, म्हणजे सिंथेटिक केसांचेच घ्या. ब्रश मरतो तो टोकाला नाही, मुळाशी. केस जिथं धातूच्या नळीत शिरतात तिथं रंग चढून सुकला की केस फाकतात, मग बारीक रेघ काढणं विसरा. म्हणून रंगात बुडवण्याआधी ब्रश पाण्यात भिजवून फडक्यावर टिपा, आणि रंगात केसांच्या अर्ध्यापर्यंतच बुडवा. काम चालू असताना ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडू नका. टोक मुडपतं, दांडाही फुगतो.

धुताना गरम पाणी नको, नळीतला गोंद सैल होतो. तळहातावर साबण घ्या, त्यावर ब्रश गोल फिरवा. फेस पांढरा आला की आपण समजतो, झालं. मग मुळाशी अंगठ्यानं दाबून बघा, आत दडलेला रंग हमखास बाहेर येतो. तो यायचा थांबेपर्यंत धुवा. मग बोटांनी टोक जुळवून आडवा ठेवून वाळवा. ओला असताना उभा ठेवलात तर पाणी नळीत उतरतं. वाळल्यावर मात्र केस वर करून पेल्यात खुशाल ठेवा.

रंग सुकून कडक झालेला ब्रश लगेच फेकू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये फक्त केस बुडवा, दांड्याला लागू देऊ नका, त्याचं पॉलिश जातं. रंग मऊ झाला की साबणानं धुवा. तरीही फाकलेलाच राहिला तर तो गोंद लावायला ठेवा.