जुन्या दुर्बिणीला धरलेली बुरशी घरी कशी काढावी

कोकणातल्या घरात लाकडी कपाटात चार-पाच पावसाळे काढलेली दुर्बीण डोळ्याला लावली की भर उन्हातही समोर धुकं दिसतं. म्हणून ती भंगारात देऊ नका. माझ्या वडिलांची दोन नळ्यांची १०x५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची) अशीच झाली होती. आज तिच्यातून खंड्याच्या चोचीतला मासा स्पष्ट दिसतो.

आधी रोग ओळखा. अंधाऱ्या खोलीत पुढच्या मोठ्या भिंगावर टॉर्चचा उजेड तिरका टाका आणि त्याच बाजूने आत डोकावा. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. तिने दृश्य फारसं बिघडत नाही, तेवढ्यासाठी दुर्बीण उघडू नये. सगळीकडे सारखा दुधाळ थर असेल तर बहुधा जुन्या वंगणाची वाफ बसलेली असते. बुरशी मात्र लगेच कळते. कडेकडून मध्याकडे पसरलेले पांढरे फाटे, कोथिंबिरीच्या मुळ्यांसारखे.

आता बाहेरची बाजू. ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) कण उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. लेन्स पुसायच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या आणि मध्यापासून कडेकडे गोल फिरवत हलकेच पुसा. थेंब थेट भिंगावर टाकायचा नाही, तो कडेने आत झिरपतो. शर्टाचं टोक तर लावूच नका. भिंगावरचा निळसर-जांभळा मुलामा मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढा पातळ असतो आणि कापडात अडकलेला वाळूचा एक कण त्यावर ओरखडा काढतो.

आत बुरशी असेल तर मोठ्या भिंगाची नळी अख्खी फिरून निघते का पाहा. निघाली तर उत्तम, कारण भिंग आपल्या जागीच राहतं आणि त्याची मागची बाजू हाती येते. नाहीतर भिंगाभोवतीची आट्यांची रिंग काढावी लागते. तिला समोरासमोर दोन खाचा असतात, त्यात बसणारा लेन्स स्पॅनर वापरा. कात्रीचं टोक निसटलं की भिंग गेलंच. फिरवण्याआधी नळीवर आणि प्रत्येक रिंगवर एका रेषेत खूण करा, फोटो काढा, किती वेढे फिरवले ते लिहून ठेवा. जुन्या दुर्बिणींत या रिंगा पुष्कळदा मुद्दाम एका बाजूला जाड केलेल्या असतात. दोन्ही नळ्यांतलं दृश्य जुळतं ते त्यांच्यामुळे.

औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ते ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून ३ टक्क्यांवर आणा. हातमोजे घालून, त्यात ओलसर केलेला कागद बुरशीवर मिनिटभर टेकवा, पुसा, मग डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी अल्कोहोल. फाटे गेले तरी कधी कधी त्यांची पुसट नक्षी उरते. बुरशीच्या आम्लाने मुलामा किंवा काचच खाल्लेली असते, तिथे घासण्यात अर्थ नाही. दोन चिकटवलेल्या भिंगांच्या मधली बुरशीही घरी निघत नाही.

प्रिझमचा (नळीच्या आतल्या, चित्र सुलट करणाऱ्या तिरकस काचेचा) समोर दिसणारा भाग कापसाच्या काडीने पुसा, पण त्याची पट्टी किंवा स्क्रू अजिबात सैल करू नका. प्रिझम केसभर हललं तरी एकाची दोन चित्रं दिसतात आणि डोकं चढतं. घरच्या दुरुस्तीची हद्द इथे संपते.

सगळे भाग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवून मगच जोडा. नंतर लांबच्या विजेच्या तारेकडे पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहिली तर जोडणी बरोबर. वरखाली झाली तर खुणा पुन्हा तपासा, तरीही जमलं नाही तर कारागिराकडे द्या.

दुर्बीण परत चामड्याच्या पेटीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. तोच हवाबंद डबा तिचं घर. पुड्यांचा रंग बदलला की नव्या घाला आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी एकदा टॉर्च मारून बघा.