बीकरमधलं रबाळ्याच्या शेडमध्ये आणताना

नवी मुंबईत रबाळ्याच्या एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. गंज रोखणारी रसायनं बनवतो, अकरा माणसं आहोत. गेल्या काही वर्षांत पीएचडी करणारी पाच-सहा मुलं प्रयोगशाळेत बनवलेल्या मालाची आपापली बाटली घेऊन माझ्याकडे आली. संशोधन चांगलं होतं, पण अडली सगळी त्याच त्याच ठिकाणी. पुढच्यांचा वेळ वाचावा म्हणून लिहिते आहे.

पेपर पाठवण्याआधी, पोस्टर लावण्याआधी आणि प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) चढण्याआधी पेटंटचा अर्ज करा. काम एकदा जाहीर झालं की कायद्याच्या नजरेत ते नवं राहत नाही. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्याकडे १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका, युरोपात ती चालत नाही. सगळे प्रयोग संपायची वाटही पाहू नका. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करता येतो, पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांत द्यायचा. शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. पेटंट एजंटचे पैसे वेगळे, आणि तिथे हात आखडू नका. दावे, म्हणजे नेमकं काय आपलं हे सांगणारा अर्जातला भाग, ढिले लिहिले तर शेजारचा कारखाना एक घटक बदलून मोकळा होतो. अर्जदार बहुधा विद्यापीठच असतं. संशोधक म्हणून कोणाकोणाची नावं जाणार, हे गाईडशी बोलून पहिल्याच दिवशी कागदावर आणा.

आता माझा विषय, स्केल-अप, म्हणजे प्रयोगशाळेतली कृती कारखान्याच्या मापात करणं.

५०० मिलीचा फ्लास्क आणि ५०० लिटरचा रिअ‍ॅक्टर यांत माल १,००० पट होतो, पण उष्णता बाहेर नेणारी भिंत वाढते साधारण १०० पट. म्हणजे तेवढ्याच मालाला गार करायला दहावा हिस्सा भिंत उरते. फ्लास्कला बर्फाचं पाणी पुरतं. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला (भोवतीच्या गार पाण्याच्या कवचाला) पुरत नाही. एका मुलाच्या पद्धतीत दुसरं रसायन दहा मिनिटांत ओतायचं होतं. आम्ही वेळ वाढवून तासभर दिला, तरी तापमान ४० वरून ७० च्या पुढे गेलं. आमच्या ऑपरेटरकाकांना वास वेगळा आला, त्यांनी डोझिंग, म्हणजे रसायन सोडणं, थांबवलं, म्हणून पुढचं टळलं. माल मात्र घट्ट होऊन भिंतीला चिकटला. दोन दिवस खरवडत होतो. नंतर तेच डोझिंग चार तासांवर नेलं आणि बॅच उतरली.

म्हणून प्रयोगशाळेतच ओतायचा वेग कमी-जास्त करून बघा, आणि किती अंशांवर माल बिघडतो ते मुद्दाम बिघडवून नोंदवा. एआर ग्रेडच्या (प्रयोगशाळेतल्या अतिशुद्ध रसायनांच्या) बाटल्या बाजूला ठेवून कमर्शियल ग्रेडच्या ड्रममधल्या रसायनाने तोच प्रयोग करा. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी वापरा. फिल्टर पेपरवर पाच मिनिटांत गाळलं जाणारं फिल्टर प्रेसमध्ये अख्खी पाळी खाऊ शकतं. धुण्याचं पाणी किती निघतं तेही मोजा. ते आमच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) जाणार आहे, आणि नवं उत्पादन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात चढवल्याशिवाय मी एक ड्रमही विकू शकत नाही.

नमुना बनवायला पैसे लागतात. केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत १० लाखांपर्यंत मिळू शकतात. जैवतंत्रज्ञानाचं काम असेल तर बायरॅक या सरकारी संस्थेची बिग योजना बघा, ती ५० लाखांपर्यंत जाते.

घेणारा कोण, हे मात्र आधी शोधा. अमेरिकेने आपल्या आंब्याला २००७ साली पुन्हा दार उघडलं ते विकिरणाच्या अटीवर, किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा देऊन. अडचण किडीची होती, कोयीतल्या भुंग्याची. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ज्ञान आणि मुळात कांद्यासाठी उभारलेलं लासलगावचं केंद्र तेव्हा हाताशी होतं. निर्यातदाराचं नेमकं दुखणं आणि प्रयोगशाळेतलं काम तिथे जुळलं. तुमच्या बाटलीने कोणाची कोणती अडचण सुटते, हे त्याच्याच तोंडून ऐका. टीटीसीच्या, म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या, कोणत्याही गल्लीत उभं राहून विचारा, लोक सांगतात.

करारात विद्यापीठाने एकाच कारखान्याला कायमचा हक्क देऊ नये, हे मी कारखानदार असूनही म्हणते. रॉयल्टी प्रत्यक्ष विक्रीवर असावी. ठरलेल्या मुदतीत विक्री सुरू झाली नाही तर हक्क परत, ही अट मी स्वतःहून घातली, दोन वर्षांची. नाहीतर चांगलं संशोधन कोणाच्या तरी कपाटात पडून राहतं.

आणि माझ्याकडे याल तेव्हा कमर्शियल ग्रेडपासून केलेला किलोभर माल आणि प्रयोगांची मूळ वही आणा, फसलेल्या पानांसकट. त्या मुलाच्या वहीत ६० अंशांना माल घट्ट झाल्याची नोंद होती. पेपरमध्ये ती नव्हती, आणि मला दिसली रिअ‍ॅक्टर खरवडून झाल्यावर.