नवा डेस्कटॉप उघडताय? कूलर शेवटी नव्हे, आधी काढा

डेस्कटॉप सुटा करायला शिकवणारे बहुतेक लेख स्थिर विजेपासून, म्हणजे अंगावर साठून नाजूक भागांना झटका देऊ शकणाऱ्या विजेपासून, सुरू होतात आणि निम्मे तिथेच संपतात. मनगटाला पट्टा बांधा, गालिच्यावर बसू नका, लोकरीचे कपडे नकोत. बांधा पट्टा, माझी हरकत नाही. मी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावतो आणि कामाला लागतो. आजवर माझ्या हातून जे मोडलं ते घाईत ओढल्यामुळे, आणि त्यातली सगळ्यात महागात पडलेली ओढ प्रोसेसरवरच्या कूलरची, म्हणजे त्याला गार ठेवणाऱ्या पंख्यासकट धातूच्या ठोकळ्याची, होती. म्हणून त्याच्याबद्दल जास्त बोलणार आहे. बाकीचं तुम्ही निभावून न्याल.

मशीन नवं आहे, तेव्हा आधी आठवडाभर नीट वापरून घ्या. पहिल्याच दिवशी उघडलंत आणि नंतर ते सुरू झालं नाही, तर दोष मूळचा की तुमच्या हातचा हे कुणालाच सांगता येणार नाही. वॉरंटीच्या अटी वाचा, स्क्रूवर सील चिकटवलेलं आहे का ते बघा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप घातलेली, असते. सुटे भाग हलले की चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर नको.

आता कूलर. सगळे जण तो शेवटी काढायला सांगतात. आधी रॅम, मग डिस्क, मग वायरी, आणि तासाभरानं कूलर. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पलीकडे पोचवणाऱ्या मलमाचा, थर असतो. गरम असताना तो मऊ असतो आणि गार झाला की गोंदासारखा धरून बसतो. तुम्ही फोटो काढत रमतगमत कूलरपाशी पोचता तोवर पेस्ट आळलेली असते.

मी पहिल्यांदा हेच केलं. एएमडी कंपनीचा प्रोसेसर होता, एएम४ सॉकेटचा; सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा. स्क्रू काढले, कूलर दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर खेचला. ‘टक्’ असा आवाज आला आणि कूलरच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही वर आला. सॉकेटचा खटका खाली, बंदच होता! पण एएम४ मध्ये तो खटका पिना बाजूनं नुसत्या आवळतो, वरून दाबून धरणारं काही नसतं. या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात. माझ्या चार वाकल्या होत्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकात एकेक पीन घालून सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि तरी मी सुदैवी, कारण एकही तुटली नाही.

तेव्हापासून मी असं करतो. उघडण्याआधी मशीनला पंधरा-वीस मिनिटं जड काम देतो; एखादा गेम किंवा व्हिडिओ रूपांतर चालतं. मग शट डाउन, मागची वायर काढायची आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं ठेवून बाजूचं झाकण काढा. ते काचेचं असेल तर फरशीवर टेकवू नका, कोपऱ्याला टोला बसला तर अख्खी काच चुरा होते. ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर त्याच्या वायरी आणि मागचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबा आणि कार्ड उचला. खटका दाबायचा विसरलात तर स्लॉट कार्डासोबत उखडून येऊ शकतो.

लगेच कूलर. आधी पंख्याची वायर मदरबोर्डवरून, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मोठ्या पाटीवरून, काढा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला बहुधा चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटी डोक्यावरच्या बाणाच्या दिशेनं पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. स्क्रूवाला असेल तर समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे सैल करा. आणि मग उचलू नका. कूलर जागच्या जागी डावी-उजवीकडे हलकेच पिळा, बाटलीचं झाकण सैल करावं तसा. थोडासा सरकला की पेस्ट सुटली. त्यानंतर सरळ वर. पिळूनही हलत नसेल तर हेअर ड्रायरनं मिनिटभर बाजूनं ऊब द्या आणि पुन्हा पिळा. खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा सल्ला कुणी दिला, तर त्याला तुमच्या मशीनपासून लांब ठेवा.

इंटेलच्या २००४ नंतरच्या डेस्कटॉप सॉकेटमध्ये आणि एएमडीच्या एएम५ मध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली दाबलेला असतो, त्यामुळे तो असा उपटून येत नाही. पण तिथे पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या नाजूक. नुसतं बघायचंच असेल तर प्रोसेसर काढूच नका. पेस्ट पुसली की वरचं नाव वाचता येतं. काढलात तर सॉकेटमध्ये बोट, कापड, फुंकर, काहीही नको.

यापुढे सोपं आहे. रॅमचे खटके उघडा, रॅम वर येते. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो. दोन कांड्या कोणत्या स्लॉटमध्ये होत्या ते लक्षात ठेवा. एम.२ एसएसडीचा, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या डिस्कचा, बारीक स्क्रू काढला की ती स्वतःच तिरकी उभी राहते; तो स्क्रू वाटीत टाका, सापडणार नाही नाहीतर. २४ पिनांची जाडी वायर खटका दाबून काढा. समोरच्या यूएसबीची १९ पिनांची वायर फार घट्ट बसते, तिला दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं सैल करा. एका झटक्यात ओढलीत तर मदरबोर्डवरचं प्लास्टिक हातात येतं. पॉवर बटणाच्या चिमुकल्या वायरींचा फोटो काढल्याशिवाय त्यांना हात लावू नका. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, बाहेर काढून बघा हवं तर, पण त्याची पेटी उघडायची नाही. आतले वीज साठवणारे कपॅसिटर वायर काढल्यावरही जबर शॉक देऊ शकतात.

जोडताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्हीकडून पूर्ण पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा. जुन्यावर नवी नाही. प्रोसेसर काढला असेल तर कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवा, तो आपल्या वजनानं बसतो. दाबावा लागला तर काहीतरी चुकतंय. पंख्याची वायर विसरू नका आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर त्यालाच लावा, मदरबोर्डला नव्हे.

डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. तेवढा वेळ बटणाला हात लावू नका, आणि घाबरून झाकण तर मुळीच उघडू नका.